होर्डिंगवर चढणाऱ्या पोरांसाठी दोन हुकांचा हार्नेस: घ्याच, पण बघून घ्या

लातूरमध्ये फ्लेक्स छापायचं आणि लावायचं काम मी बरीच वर्षं करतोय. त्याआधी हातात ब्रश होता. दुकानांच्या पाट्या आणि रस्त्याकडेच्या भिंती रंगवायचो, म्हणून गंजगोलाईत अजूनही मला 'पेंटर' म्हणूनच हाक मारतात. आता वर पोरं चढतात, त्यातला एक माझा सख्खा भाचा. त्यांच्यासाठी मी दोन हुकांचे फुल बॉडी हार्नेस, म्हणजे अंगभर बांधायचे सुरक्षा पट्टे, घेतले. उन्हाळा-पावसाळा दोन्ही त्यांच्यावर काढून झाले. आता औसा, उदगीर, अहमदपूरकडचे धंद्यातले लोक फोन करतात, 'पेंटर, खरंच कामाचं आहे का? पैसे वसूल होतात का?' प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितो.

घ्यावा. त्याच्याशिवाय पोराला शिडीला हात लावू देऊ नये, इतक्या स्पष्ट शब्दांत सांगतो. पण दुकानात 'सेफ्टी बेल्ट द्या' म्हटलं की जे हातात पडतं ते निम्म्या वेळा आपल्या कामाचं नसतं. आणि चांगला हार्नेससुद्धा काही ठिकाणी वाचवू शकत नाही. त्या जागा माहीत नसतील तर पोरगं पट्टा घालून निर्धास्त होतं, आणि ते जास्त वाईट.

आधी आमचं काम कसं असतं ते सांगतो, म्हणजे बाकीचं कळेल. लातूरचा सीझन निकालाचा. बारावीचा निकाल लागतो, नीटचा लागतो, आणि क्लासवाल्यांना गुणवंतांचे फोटो त्याच रात्री चौकात हवे असतात. अंबाजोगाई रोड, औसा रोड, शिवाजी चौक, सगळीकडे एकाच वेळी काम निघतं. पोरं दिवसभर उन्हात आणि रात्री हॅलोजनच्या उजेडात चढतात. आणि हेच दिवस वळवाचे. चार वाजेपर्यंत पान हलत नाही, पाच वाजता वावटळ सुटते. ४० बाय २० चा फ्लेक्स म्हणजे ८०० चौरस फूट कापड, वजन पंचवीस किलोच्या घरात. जमिनीवर ते दोघं जण सहज उचलतात. पण ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून आला तर त्याच कापडावर पाचशे किलोच्या वर दाब येतो. वारा दुप्पट झाला की दाब चौपट. वरची बाजू बांधून झालीय, खालची मोकळी आहे, अशा वेळी फ्लेक्स फुगून मागे सांगाड्यावर आपटतो, तेव्हा मध्ये असलेल्या माणसाला हात धरायला वेळ मिळत नाही.

आमच्याकडे पूर्वी कंबरेचा पट्टा होता, लाइनमन लोकांसारखा, एका दोराचा. तो टाकून दिला. कंबरेच्या पट्ट्यावर माणूस पडला तर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो, आणि उलटा झाला तर पट्ट्यातून निसटूही शकतो. खांबाला टेकून काम करण्यापुरता तो ठीक आहे, पडणाऱ्याला झेलायला नाही. फुल बॉडी हार्नेसमध्ये पट्टे खांद्यांवरून आणि मांड्यांखालून जातात. पाठीवर, दोन खवाट्यांच्या मध्ये, लोखंडी कडी असते. पडल्यावर माणूस उभा लटकतो आणि झटका मांड्यांवर वाटला जातो.

आता दोन हुकांचं बघा, कारण पैसे त्यासाठीच मोजायचे आहेत.

एका हुकाचा दोर जागेवर बसून काम करणाऱ्याला पुरतो. पण आमचं पोरगं जागेवर बसतच नाही. फ्लेक्सच्या कडेला दर फूट-दीड फुटावर आयलेट, म्हणजे कडी ठोकलेलं भोक, असतं. प्रत्येक आयलेटमधून बाइंडिंग वायर घालायची, सांगाड्याच्या लोखंडी अँगलला वेढा द्यायचा, पकडीनं पीळ मारायचा, पुढं सरकायचं. ४० फुटांच्या वरच्या कडेला हे तीसेक वेळा. एकच हुक असेल तर प्रत्येक वेळी तो काढून पुढं लावावा लागतो, आणि त्या दोन-चार सेकंदांत पोरगं मोकळं असतं. घसरण्याचा क्षण नेमका तोच, कारण तेव्हा एक हात हुकावर असतो आणि पाय उचललेला असतो. शिवाय काम भरात आलं की हुक काढला जातो आणि लावायचा राहतो. मी खालून बघत आलोय. पोरं आळशी नाहीत, त्यांना रात्रीत तीन फलक उरकायचे असतात.

दोन हुकांच्या दोरात इंग्रजी वायसारख्या दोन फांद्या असतात. डावा लागलेला असताना उजवा पुढं लावायचा, मग डावा सोडायचा. एक तरी कायम अडकलेला. पहिल्या आठवड्यात पोरांनी कुरकुर केली, भाचा म्हणाला, 'मामा, हे दोर पायातच येतेत.' खरं होतं. मोकळी फांदी लोंबत असते आणि गुडघ्याला अडकते. त्यावर उपाय हार्नेसवरच दिलेला आहे. छातीच्या पट्ट्यावर किंवा बाजूला मोकळा हुक अडकवायला एक छोटी पट्टी असते, ती मुद्दाम तुटणारी असते. मोकळा हुक तिथेच लावायचा, कमरेच्या पक्क्या कडीला नाही. पक्क्या कडीला लावला तर पडताना दोर मध्येच ताणला जातो आणि दोराच्या मुळाशी असलेली झटका शोषणारी पिशवी नीट उघडत नाही. दुकानदारानं हे सांगितलं नव्हतं, सोबतच्या पुस्तिकेतल्या चित्रात होतं. पुस्तिका फेकू नका.

आता सवय झालीय. वर बघितलं की खट्-खट् आवाज येत राहतो, वायर पिळण्याच्या मध्ये मध्ये. वेळ थोडा जास्त लागतो, हे खरं. मी रात्रीचे फलक कमी घेतो.

त्याचा उपयोग झाला का? झाला. अंबाजोगाई रोडवरच्या एका फलकावर भाचा खालची कड ओढत होता, अचानक वारा फिरला, फ्लेक्स पोटात शिरल्यासारखा आत आला आणि त्याचे दोन्ही पाय अँगलवरून सुटले. हुक डोक्याच्या वरच्या अँगलला होता, म्हणून तो फूट-दीड फूट खाली आला आणि पट्ट्यात बसला. हातानं सांगाडा धरून परत उभा राहिला. मांडीवर वळ उठले, दुसरं काही नाही. त्या रात्री काम तिथंच थांबवलं. ताईला मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन सांगितलं, पोरगं सोबत घेऊनच.

'हुक डोक्याच्या वर होता' या चार शब्दांवर सगळं आहे. धंद्यातल्या माणसांनी पुढचा हिशेब कागद घेऊन करावा.

दोराची लांबी दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट. दोराच्या मुळाशी जी जाड पिशवी असते ती झटका शोषणारी. आत शिवलेली घडीची पट्टी असते, माणूस पडला की तिची शिवण उसवत जाते आणि झटका सहाशे किलोच्या आसपास रोखला जातो. ती उसवून जास्तीत जास्त पावणेदोन मीटर, म्हणजे पावणेसहा फूट लांबते. पाठीच्या कडीपासून पायापर्यंत माणूस पाच फूट. आणि खाली मोकळी जागा राहायला हवी ती एक मीटर, सव्वातीन फूट. बेरीज साडेवीस फूट. पोरानं पायाजवळच्या अँगलला हुक लावला आणि त्या अँगलपासून जमीन साडेवीस फुटांच्या आत असेल, तर पिशवी पूर्ण उघडायच्या आधीच तो जमिनीवर पोचू शकतो. आपल्या गावातले निम्मे फलक, दुकानांवरच्या पाट्या, चौकातल्या कमानी, याच उंचीत येतात. पंधरा फुटांवर हार्नेस घातलेलं पोरगं बघून मालक खूश होतो, पण त्या उंचीवर पायाशी लावलेला हुक काही कामाचा नाही.

म्हणून आमचा नियम: हुक कायम खांद्याच्या वर. खांद्याच्या वर लावायला जागा नसेल तर दोर आखूड हवा, किंवा मग चढायचंच नाही, चाकांवरचं स्टेज नाहीतर बूम लिफ्ट (पाळण्यातून माणूस वर नेणारी गाडी) लावायची. दुकानांच्या पाट्यांना मी आता लोखंडी स्टेजच लावतो, कठडा असलेलं. हार्नेसपेक्षा ते बरं.

आता तक्रारी.

हुकाचं तोंड. आमच्या हार्नेससोबत मोठ्या तोंडाचे हुक आले, उघडल्यावर साधारण ५५ मिलिमीटर. दोन इंची अँगलवर ते बसतात, जेमतेम. तीन इंची चॅनेलवर किंवा युनिपोलच्या (एकाच खांबावरच्या फलकाच्या) जाड पाइपवर बसत नाहीत. मग पोरं काय करतात, दोरच पाइपला गुंडाळून हुक दोरात अडकवतात. ते करू देऊ नका, तसं वापरायला तो दोर केलेला नसतो. वेगळा पट्ट्याचा वेढा मिळतो, दोन्ही टोकांना फास असलेला. तो पाइपला घालायचा आणि हुक त्यात. हे वेढे हार्नेससोबत येत नाहीत, वेगळे घ्यावे लागतात, आणि दुकानदार स्वतःहून दाखवत नाही. छोट्या तोंडाचे हुक असलेला स्वस्तातला सेट तर आपल्या कामाला घेऊच नका.

आकार. एकच माप सगळ्यांना म्हणून विकतात. आमच्यातलं एक उदगीरकडचं पोरगं पन्नास किलोचं असेल. त्याचे पट्टे पूर्ण आवळूनही मांडीला सैल राहायचे. मांडी आणि पट्टा यांच्यामध्ये सपाट पंजा जावा, मूठ जाऊ नये, एवढा आवळ हवा. त्याच्यासाठी लहान मापाचा वेगळा मागवला, आठवडा लागला. दुकानात पोरांना घेऊन जा आणि अंगात घालून बघा, चपलेसारखं अंदाजानं आणू नका.

ऊन. मे महिन्यात पाठीवर पट्टे आणि आत घाम, पोरांच्या खांद्यांना पुरळ उठतो. बनियनवर घातला की जास्त त्रास, सुती पूर्ण बाहीच्या शर्टवर घातला की कमी. दुपारी बारा ते चार मी चढवणं बंद केलं, त्यानं पट्ट्याचाही फायदा आणि पोरांचाही. अँगल इतका तापतो की तळहात टेकवत नाही.

आणि कापलं जाणं. याची काळजी आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त घ्यावी लागते, आणि कुठल्याही पुस्तिकेत हे आमच्या भाषेत लिहिलेलं नाही. पोराच्या खिशात कटर असतो, जादा फ्लेक्स कापायला. कापताना हात झटक्यात येतो तो दोराच्या दिशेनंच. कापलेल्या बाइंडिंग वायरची टोकं सुईसारखी वर राहतात. अँगलची कड कापताना राहिलेली धार तशीच असते. आमच्या एका दोराची पट्टी अशीच वायरच्या टोकावर घासून कडेला फुसफुशीत झाली, बोटानं चाचपली तेव्हा धागे निघाले. तो दोर त्याच दिवशी कापून दोन तुकडे केले, म्हणजे दुसऱ्या कुणी उचलून वापरू नये. रोज सकाळी पट्टा हातातून पूर्ण फिरवायचा, वाकवून बघायचा: कट, जळलेला ठिपका, कडक झालेली जागा, उसवलेली शिवण. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पॉलिस्टर वितळतं, तेव्हा सांगाड्याला वेल्डिंग चालू असताना हा हार्नेस जवळ नको. आणि पिकअपमध्ये थिनर, सोल्युशनच्या डब्यांसोबत तर अजिबात टाकू नका. आमच्याकडे आता त्याला वेगळी गोणी आहे, ती केबिनमध्ये सीटच्या मागे.

हार्नेस ज्या सांगाड्याला बांधायचा तो सांगाडा उभा राहील का, हा प्रश्न हार्नेसच्या आधीचा. पुण्यात ५ ऑक्टोबर २०१८ ला जुन्या बाजाराजवळ फलक काढण्याचं काम चालू असताना अख्खा सांगाडा रस्त्यावर कोसळला आणि चार माणसं गेली. घाटकोपरला १३ मे २०२४ ला वादळात फलक पेट्रोल पंपावर पडला, सतरा जण गेले. तिथल्या महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, आणि तो होता १२० बाय १२० च्या आसपास. त्यानंतर सगळीकडे सांगाड्याच्या मजबुतीचा दाखला विचारू लागले, चांगलं झालं. पण दाखला फाइलमध्ये असतो आणि गंज सांगाड्याच्या पायाशी, मातीत. चढण्याआधी मी स्वतः बुंध्याजवळची माती खरवडून हातोडीनं ठोकून बघतो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर पोरं वर जात नाहीत. एका मालकाला हे आवडलं नाही, त्यानं दुसरी टोळी बोलावली. जाऊ दे. वादळ सुटलं की खाली उतरायचं, आणि उतरून फलकाखाली आडोशाला थांबायचं नाही. १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडजवळ किवळ्यात वादळात फलक पडून पाच जण गेले, ती माणसं पावसापासून वाचायलाच तिथं थांबली होती.

विजेपुढे हार्नेस काहीच करत नाही. जवळून ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन जात असेल तर तिच्यापासून बांधकाम आडवं किमान १.२ मीटर लांब हवं असा नियम आहे, पण हातात वीस फुटी पाइप किंवा ओला फ्लेक्स असलेल्या पोराला ते अंतर पुरत नाही. तिथं महावितरणकडून लाइन बंद करून घ्यायची, नाहीतर काम सोडायचं. ॲल्युमिनियमची शिडी अशा जागी नेऊच नये.

आणखी एक गोष्ट, जी विकणारा कधीच बोलत नाही. पडून लटकलेल्या माणसाला लगेच खाली घ्यावं लागतं. पट्ट्यात निश्चल लटकत राहिलं की पायांत रक्त साचतं आणि थोड्याच मिनिटांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून वर एकटा माणूस कधीच नको, आणि खाली फलकाएवढी शिडी जागेवर हवी, पिकअपमध्ये बांधून ठेवलेली नाही. आम्ही एकदा रविवारी गोडाऊनमध्ये हे करून बघितलं. भाच्याला जमिनीपासून दोन फुटांवर लटकवलं आणि बाकीच्यांनी सोडवलं. तो म्हणाला, 'मामा, पायाला मुंग्या यायला लागल्या लगेच.' पोरांना जे सांगून कळत नव्हतं ते त्या दुपारी कळलं. काही हार्नेसला पाय टेकवायला फासाची पट्टी येते, ती असलेला मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या.

किंमत. दोन हुक, झटका शोषणारी पिशवी आणि मोठ्या तोंडाचे हुक, सगळं मिळून मला एक सेट साडेतीन हजारांच्या आसपास पडला. बाजारात सात-आठशेलाही पट्टा मिळतो, त्यात पिशवी नसते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पट्ट्यावर शिवलेलं लेबल बघून घ्यायचं असतं. त्यावर भारताचा आयएस ३५२१ किंवा युरोपचा ईएन ३६१ हा मानकाचा क्रमांक, बनवल्याची तारीख, बॅच नंबर आणि किती किलोच्या माणसासाठी आहे ते छापलेलं हवं. लेबल नसेल, किंवा नुसता स्टिकर चिकटवलेला असेल, तर परत ठेवा. जुना, वापरलेला स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. एकदा झटका खाल्लेला हार्नेस परत वापरायचा नसतो, आणि त्यानं झटका खाल्लाय का हे विकणारा सांगणार नाही. आमचा भाच्याचा सेटही त्या रात्रीनंतर बाद केला. पिशवी उघडली नव्हती, तरी केला.

शिडी चढताना वापरायचा उभा दोर आणि त्यावर सरकणारी पकड वेगळी मिळते. दोराची जाडी पकडीवर लिहिलेल्या मापाचीच हवी. हनुवटीला पट्टी असलेलं हेल्मेट, रबरी तळाचे बूट, आणि वायर पिळायची पकड व कटर मनगटाशी बांधायला दोरी, हे सोबत घ्याच.

खर्च गिऱ्हाइकाकडून कसा काढायचा, हेही विचारतात. मी कोटेशनमध्ये 'उंचीवरील सुरक्षा' अशी वेगळी ओळ लिहितो, चौरस फुटाच्या दरात लपवत नाही. बहुतेक क्लासवाले काही न बोलता देतात. जे घासाघीस करतात त्यांना सांगतो की पोरगं रोजंदारीवर असलं तरी कामावर अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी कायद्यानं कामावर ठेवणाऱ्या मालकावर येते. पोरांचा अपघात विमा मी वेगळा काढलाय, आणि हार्नेस आहे म्हणून तो बंद करणार नाही.

लातुरात कुणाला घ्यायचा असेल तर आमच्या गोडाऊनवर येऊन अंगात घालून बघा, सेट तिथंच असतो. सकाळी नऊच्या आत या, त्यानंतर पोरं कामावर जातात.